गेम डेव्हलपरांची पहिली प्रादेशिक परिषद भरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या भागात गेम बनवणारी माणसं आहेत, पण कोण काय करतंय हे एकमेकांना ठाऊक नाही, अशा ठिकाणांहून मला सतत प्रश्न येतात. तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत असल्याने ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे पुन्हा लिहिण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडे परिषद भरवण्याइतके डेव्हलपर आहेत की नाहीत, हे कसं ओळखायचं?

आज गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सला हजारो लोक जातात, पण १९८८ साली ती सॅन होजेमध्ये गेम डिझायनर ख्रिस क्रॉफर्ड यांच्या घरच्या दिवाणखान्यात भरली होती. माणसं होती तिसाहून कमी. त्यामुळे "पुरेसे" हा आकडा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप लहान आहे.

एक कागद घ्या आणि नावं लिहा. प्रोग्रामरांवर थांबू नका. चित्रकार, ॲनिमेटर, ध्वनी आणि संगीताचं काम करणारे, संवाद लिहिणारे, टेस्टर, नोकरी सांभाळून रात्री गेम बनवणारे आणि या विषयाचे विद्यार्थी, सगळे लिहा. प्रत्येकाला आणखी दोन नावं विचारा. यादी साठ-सत्तरपर्यंत गेली आणि त्यातल्या वीस जणांनी "मी येईन" एवढंच न म्हणता "मी काय करू?" असं विचारलं, तर भरवा. यादी बनवताना होणारं बोलणं हीच परिषदेची सुरुवात असते, म्हणून हे काम एका फॉर्मवर सोडू नका. फोन करा.

२. मीटअप, गेम जॅम आणि परिषद यांत फरक काय? आधी काय करावं?

मीटअपमध्ये ओळखी होतात, जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या थोड्या तासांत संघाने गेम बनवण्याच्या उपक्रमात, एकत्र काम होतं आणि परिषदेत अनुभव मांडला जातो. तुमच्या भागात यातलं काहीच झालेलं नसेल तर आधी दोन-तीन मीटअप घ्या. २००९पासून दर जानेवारीच्या अखेरीस जगभर होणाऱ्या ग्लोबल गेम जॅमचं एखादं केंद्रही चालवून पाहा. रात्रभर वीज, जागा आणि थकलेली माणसं सांभाळल्यावर आपल्या गटातलं कोण शब्द पाळतं ते कळतं.

३. तयारी किती आधी सुरू करावी?

आठ ते दहा महिने. जागा आणि तारीख सर्वांत आधी ठरवायची, व्याख्यानांसाठीचं आवाहन सहा महिने आधी काढायचं, निवड चार महिने आधी कळवायची आणि तिकीटविक्री निदान तीन महिने आधी सुरू करायची. यात सर्वांत जास्त वेळ वक्त्यांना मालकांकडून परवानगी मिळवण्यात जातो (प्रश्न ७).

४. तारीख निवडताना काय सांभाळावं?

सान फ्रान्सिस्कोची गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स बहुधा मार्चमध्ये असते, कोलोनचं गेम्सकॉम हे प्रदर्शन ऑगस्टमध्ये, टोकियो गेम शो सप्टेंबरमध्ये. तुमच्यातले बरेच जण तिकडे जात नसले, तरी त्याच्या आधीचे तीन-चार आठवडे ते डेमो पूर्ण करण्यात गुंतलेले असतात. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या नेक्स्ट फेस्टचंही, म्हणजे येऊ घातलेल्या गेमचे डेमो खेळायला देणाऱ्या उत्सवाचंही, तसंच. तो साधारण फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये येतो आणि त्या आठवड्यात छोट्या स्टुडिओचा माणूस घराबाहेर पडत नाही. तुमच्या भागातल्या परीक्षा आणि सणही पाहा. स्टुडिओत नोकरी करणाऱ्यांना शुक्रवार सोयीचा असतो आणि फावल्या वेळात गेम बनवणाऱ्यांना शनिवार. म्हणून पहिल्या वर्षी शुक्रवार दुपार आणि पूर्ण शनिवार हा मेळ मला सर्वांत बरा वाटतो.

५. आयोजक मंडळात किती जण हवेत, आणि करारावर सही कोणी करायची?

पाच ते सात जण. कार्यक्रम, पैसा, जागा, स्वयंसेवक आणि लोकांशी बोलणं, यातल्या प्रत्येक कामाला एकच नाव असू द्या. "आपण सगळे मिळून बघू" असं ठरलेलं काम कोणीच बघत नाही. शिवाय परिषदेच्या दिवशी एका माणसाकडे कुठलंच ठरलेलं काम नको. प्रोजेक्टर बंद पडला, पाहुणा चुकीच्या दारात उभा राहिला, की हाच माणूस धावतो.

सही कोणी स्वतःच्या नावावर करू नये. हॉलचं नुकसान झालं किंवा परिषद रद्द झाली, तर देणं त्या एका माणसाच्या घरावर येतं. तुमच्या इथल्या कायद्यानुसार नोंदणीकृत संस्था काढा किंवा आधीच असलेल्या संस्थेला यजमान व्हायची विनंती करा. विम्याचंही तेव्हाच विचारा.

६. पैशाचं गणित कसं मांडायचं?

दोन रकाने करा. पहिल्यात माणसं कितीही आली तरी लागणारा ठोक खर्च: जागा, ध्वनी-प्रकाश, वक्त्यांचा प्रवास, विमा. दुसऱ्यात माणसागणिक वाढणारा खर्च: जेवण, चहापाणी, गळ्यातलं ओळखपत्र.

समजा ठोक खर्च ९०,००० आहे, माणशी खर्च ३०० आणि तिकीट ८००. म्हणजे प्रत्येक तिकिटामागे ५०० उरतात आणि १८० तिकिटं विकली की तोंडमिळवणी होते. पण वक्ते आणि स्वयंसेवक मिळून ४० जण फुकट येणार आहेत. त्यांचे १२,००० धरले की १८०चे २०४ होतात. सवलतीची तिकिटं आली की आकडा आणखी चढतो. (रकमा फक्त रीत दाखवण्यासाठी आहेत, आपल्या चलनातले खरे आकडे घाला.) बहुतेक नवे आयोजक १८०वर थांबतात आणि उरलेले पैसे स्वतःच्या खिशातून भरतात.

आणखी दोन गोष्टी. प्रायोजकाचा पैसा खात्यात येईपर्यंत शून्य धरायचा, तोंडी होकार कितीही पक्का वाटला तरी. आणि खर्चाची रक्कम जेवढी महत्त्वाची तेवढीच तिची तारीख. हॉलचा हप्ता चार महिने आधी द्यावा लागतो, तिकिटं मात्र शेवटच्या दोन आठवड्यांत खपतात. मधल्या काळात पैसा कुठून येणार ते आधी लिहून ठेवा.

तिकीट अगदी फुकट ठेवू नका. फुकट नोंदणी केलेल्यांतले बरेच जण येतच नाहीत आणि जेवण मात्र त्यांच्यासाठीही सांगितलेलं असतं. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी वेगळी तिकिटं ठेवा आणि ती मागताना कारण द्यायला लावू नका.

७. नावाजलेला वक्ता नसेल तर लोक येतील का? वक्ते शोधायचे कसे?

येतील. दूरच्या मोठ्या नावासाठी लोक तिकीट काढतात हे खरं, पण ते परत जाताना ज्याबद्दल बोलत असतात ते व्याख्यान बहुधा शेजारच्या गावातल्या तिघांनी दिलेलं असतं: आमचा पहिला गेम का खपला नाही, कुठला निर्णय चुकला, त्याची किंमत किती महिने मोजली. आपल्याच परिस्थितीतल्या माणसाने आकडे उघड करून सांगितलेली गोष्ट दुसरीकडे कुठेच मिळत नाही. पहिल्या परिषदेचा निम्म्याहून जास्त कार्यक्रम अशा स्थानिक अनुभवांचा असावा, असं माझं ठाम मत आहे.

आवाहनाच्या फॉर्मवर तीनच प्रश्न ठेवा. ऐकणाऱ्याला यानंतर काय करता येईल? हे तुमच्या कुठल्या कामातून आलं? दाखवण्यासारखं काय आहे, म्हणजे कोड, स्केच, जुनी बिल्ड (गेमची चालवता येणारी प्रत) किंवा विक्रीचा आलेख? पहिली चाळणी नावं झाकून करा. ज्यांचा अर्ज कच्चा पण अनुभव पक्का आहे त्यांना नाकारू नका, त्यांच्यासोबत तासभर बसा. पहिल्यांदा बोलणाऱ्याला मांडणी शिकवता येते.

नोकरदार वक्त्याला स्लाइड मालकाकडून तपासून घ्याव्या लागतात. ते काम कित्येक आठवडे चालतं आणि कधी अर्धी व्याख्यानं त्यात गळतात. म्हणून निवड कळवतानाच "लेखी परवानगी या तारखेपर्यंत" असं सांगा. प्रवासखर्च आणि मुक्काम सर्वांनाच द्या. स्वतंत्र काम करणाऱ्यांना मानधनही द्या, कारण त्यांचा तो दिवस बुडतो. बाहेरून एखादा पाहुणा बोलावलाच, तर तो पूर्ण वेळ थांबेल अशी अट घाला. भाषण करून निघून जाणाऱ्या पाहुण्यापेक्षा टेबलाटेबलावर बसून गेम खेळणारा पाहुणा कितीतरी जास्त देऊन जातो.

८. एकाच वेळी एक व्याख्यान ठेवावं की समांतर सत्रं?

दोनशेपर्यंत माणसं असतील तर एकच. समांतर सत्रं ठेवली की प्रोग्रामर प्रोग्रामरांच्या खोलीत जातात आणि चित्रकार चित्रकारांच्या, म्हणजे आधी होती तीच फाळणी परत. एकाच सभागृहात बसलेला प्रोग्रामर ध्वनीवरचं व्याख्यान ऐकतो आणि जेवणाच्या रांगेत त्या ध्वनिकाराशी बोलतो. ध्वनी आणि लेखन हे दोन विषय आवर्जून ठेवा, ते हमखास राहून जातात.

व्याख्यान तीस मिनिटांचं, दोहोंमध्ये निदान पंधरा मिनिटं मोकळी. जेवणानंतर सभागृह बंद ठेवून दहा-बारा जणांच्या गोलमेज चर्चा घ्या. दुपारची झोप त्यातच उडते.

९. जागा पाहायला गेल्यावर काय तपासावं?

सभागृहाआधी बाहेरची मोकळी जागा पाहा. लोक उभे राहून बोलतील कुठे? ती जागा अरुंद असेल तर सभागृह कितीही देखणं असलं तरी नको. मग दुपारी, खिडक्यांतून ऊन येत असताना, प्रोजेक्टर लावून एखाद्या अंधाऱ्या गेमचं दृश्य दाखवा. पांढऱ्या स्लाइड कुठेही वाचता येतात, पण गुहेतलं किंवा रात्रीचं दृश्य उजेडात पार नाहीसं होतं. व्हीलचेअर दारापर्यंतच नाही, मंचापर्यंत जाते का? सामान कुठून आत येणार? जागा आदल्या संध्याकाळपासून मिळेल का? याला नकार असेल तर मांडणी आणि ध्वनिचाचणी सकाळच्या एका तासात उरकावी लागेल.

१०. गेम मांडायची टेबलं ठेवतोय. वीज आणि इंटरनेट किती लागेल?

सर्वांत जास्त फजिती इथे होते, म्हणून सविस्तर.

गेमिंग संगणक आणि मॉनिटर मिळून जोरात चालताना ४०० ते ६०० वॅट सहज घेतात, लॅपटॉप बराच कमी. २३० व्होल्टच्या १६ अँपिअर सर्किटवर ३,६८० वॅट होतात. त्यातला पाचवा भाग राखून ठेवला की सुमारे २,९०० वॅट, म्हणजे अशी पाच टेबलं. १२० व्होल्ट आणि १५ अँपिअर असलेल्या देशात याच हिशेबाने दोनच. भिंतीवर किती सॉकेट आहेत हे विचारून उपयोग नाही. कुठले सॉकेट एकाच सर्किटवर आहेत ते हॉलच्या इलेक्ट्रिशियनकडून नकाशावर लिहून घ्या. मी एकदा हे न विचारता टेबलं मांडली होती. चहाची किटली त्याच सर्किटवर होती. ती एकटीच दीड-दोन हजार वॅट ओढते. दुपारच्या चहाला आठ टेबलं एकदम बंद पडली आणि एका मुलीचा दोन तास चाललेला खेळ गेला. तिचा चेहरा अजून आठवतो. किटली आणि गेम वेगळ्या सर्किटवर, हा माझा तेव्हापासूनचा पहिला नियम.

इंटरनेट मुळात लागूच नये अशी तयारी ठेवायला सांगा: गेम ऑफलाइन चालला पाहिजे, स्टीम ऑफलाइन मोडमध्ये आणि आपोआप होणारे अपडेट बंद. ज्यांना नेटवर्क लागतंच, त्यांना केबल द्या. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी तीनच वाय-फाय चॅनल असतात आणि ब्लूटूथ कंट्रोलरही त्याच पट्ट्यात बोलतात. एका खोलीत तीस बिनतारी कंट्रोलर आले की बटण दाबल्यावर पात्र उशिरा उडी मारतं आणि खेळणाऱ्याला वाटतं की गेमच वाईट आहे. म्हणून कंट्रोलर यूएसबी वायरने जोडायचे. आवाज स्पीकरवर नको, हेडफोनवर. एक जादा हेडफोन गेम बनवणाऱ्याला, म्हणजे त्यालाही ऐकत बोलता येतं.

११. मांडणाऱ्या स्टुडिओंनी बिल्ड कशी आणावी?

पाच ते दहा मिनिटांत संपणारी. दोन मिनिटं कोणी हात लावला नाही तर स्वतःहून सुरुवातीला जाणारी, एका कळीने नव्याने सुरू होणारी, आधीच्याचा सेव्ह पुसणारी आणि चुकून डेस्कटॉपवर न नेणारी. हीच बिल्ड पेनड्राइव्हवर दोन प्रतींत. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारी दृश्यं असतील तर टेबलावर ठळक सूचना हवी. अपस्मार असलेल्या काही माणसांना त्यातून झटका येऊ शकतो.

१२. वक्त्याला कन्सोलवरून थेट गेम दाखवायचाय, पण पडदा काळाच राहतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा एचडीसीपी, म्हणजे चित्राची नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप. प्लेस्टेशन ४ आणि ५ मध्ये ते सेटिंगमधून बंद करता येतं. ते बंद असताना चित्रपट दाखवणारी काही ॲप चालत नाहीत, गेम मात्र चालतात. तरीही वक्त्याकडून त्याच खेळाची चित्रफीत आधी मागून ठेवा.

डेव्हकिटची, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीच्या खास कन्सोलची, गोष्ट वेगळी. ती कन्सोल कंपनीच्या गोपनीयता करारावर दिलेली असते. कंपनीच्या परवानगीशिवाय ती मांडू देऊ नका, तिचा फोटोही नको. त्याचा फटका आयोजकाला नाही, त्या छोट्या स्टुडिओला बसतो.

१३. सर्वसामान्य खेळाडूंनाही बोलवावं का?

पहिल्या वर्षी नको. खेळाडू आले की डेव्हलपर टेबलाला जखडून राहतात आणि एकमेकांना भेटत नाहीत. अगदीच हवं असेल तर शेवटच्या दिवसाची दुपार तेवढी खुली करा. मग मुलंही येणार, म्हणून गेमची वयोमर्यादा तपासा. युरोपातल्या बहुतेक देशांत पेगी आणि अमेरिका-कॅनडात ईएसआरबी ती ठरवतात. ज्यांना अजून असा शिक्काच मिळालेला नाही त्यांच्याबाबतीत स्टुडिओकडून लेखी घ्या आणि मोठ्यांसाठीचे गेम वेगळ्या खोलीत, दाराशी माणूस ठेवून मांडा.

१४. प्रकाशकांशी, म्हणजे गेमला पैसा पुरवून तो बाजारात आणणाऱ्या कंपन्यांशी, भेटी ठरवून द्याव्यात का?

खेळता येईल असा डेमो असलेले निदान आठ-दहा संघ असतील तरच. नाहीतर लांबून आलेला प्रकाशक पुन्हा येत नाही. भेट पंचवीस मिनिटांची, मध्ये पाच मिनिटं मोकळी, खोली शांत.

१५. प्रायोजक भाषणाची वेळ मागतात. द्यावी का?

द्या, पण कार्यक्रमपत्रिकेवर "प्रायोजित" असं स्पष्ट छापा आणि प्रश्न ७ मधल्या तीन कसोट्या त्यांनाही लावा. गेम इंजिन (ज्यावर गेम बांधतात ते सॉफ्टवेअर) बनवणाऱ्या कंपनीचा अभियंता खरोखर चांगलं शिकवून जातो, विक्री विभागातला माणूस सहसा नाही. माणूस कोण येणार ते करारात लिहा. उपस्थितांचे ईमेल पत्ते कुठल्याही रकमेला देऊ नका.

१६. आम्ही सगळे मित्रच आहोत. आचारसंहिता खरंच लागते का?

लागते, कारण येणारे सगळे तुमचे मित्र नसतात. खोलीत एकटीच असलेली बाई, पहिल्यांदा आलेला विद्यार्थी, कुणालाच न ओळखणारा माणूस, यांना तक्रार कुठे करायची हे माहीत असलं पाहिजे. कोणती वागणूक चालणार नाही, तक्रार ऐकणाऱ्या दोन व्यक्ती कोण, त्यांचा फोन आणि त्यानंतर काय होईल, एवढं तिकिटासोबत पाठवा. दोघांतली एक आयोजक मंडळाबाहेरची असू द्या, म्हणजे आयोजकाविरुद्धही तक्रार करता येते. आणि काय करायचं ते आधी ठरवा. नावाजलेल्या वक्त्याविरुद्ध तक्रार आली की त्या क्षणी पाय मागे घ्यायला हजार कारणं सुचतात.

संध्याकाळचं एकत्र जमणं दारूभोवती ठेवू नका. शांत खोलीत बोर्ड गेम ठेवा, बरेच जण तिकडेच येतात. फोटो नको असणाऱ्यांच्या ओळखपत्राची फीत वेगळ्या रंगाची असू द्या.

१७. व्याख्यानं रेकॉर्ड करून सर्वांना खुली करावीत का?

करावीत, वक्त्याच्या लेखी संमतीने. कॅमेऱ्यापेक्षा आवाजावर खर्च करा आणि तो थेट मिक्सरमधून घ्या. स्लाइडमधल्या चित्रफितीत दुसऱ्याचं गाणं असेल तर यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा ते ओळखते आणि व्हिडिओ अडकू शकतो. हे वक्त्यांना आधीच सांगा. थेट प्रक्षेपण मात्र पहिल्या वर्षी टाळा. अपयशाचे खरे आकडे लोक बंद दाराआड सांगतात. वक्त्याला पाहिजे तो भाग कापायची मुभा द्या आणि महिन्याभराने, उपशीर्षकांसह प्रकाशित करा.

१८. मुख्य वक्ता आदल्या दिवशी येत नाही म्हणाला तर?

निवडीत थोडक्यात राहिलेल्या दोघांना आधीच राखीव म्हणून विचारून ठेवा आणि त्यांना तिकीट-प्रवास द्या. पर्याय म्हणून तीन स्थानिक संघांना मंचावर बसवून त्यांच्या चालू कामाची फाइल उघडायला लावा. हा तास अनेकदा मूळ व्याख्यानापेक्षा रंगतो.

१९. तिकिटं खपत नाहीत. परिषद रद्द करावी का?

हा निर्णय हॉलच्या दुसऱ्या हप्त्याच्या आदल्या आठवड्यात घ्यायचा, ती तारीख आजच लिहून ठेवा. तोपर्यंत प्रश्न ६ मधल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतही पोचला नसाल तर लहान जागेत, एका दिवसात करा. रद्द करणं हा अगदी शेवटचा मार्ग, आणि तो घेतला तर सर्वांचे पैसे दोन आठवड्यांच्या आत परत. तिकीट काढणारे हेच लोक पुढच्या वेळी येणार आहेत.

२०. परिषदेच्या तोंडावर आमच्या भागातला सर्वांत मोठा स्टुडिओ बंद पडला. आमचे चार वक्ते आणि एक प्रायोजक तिथलेच होते. आता?

असं पूर्वी क्वचित विचारलं जायचं. २०२३ नंतर जगभरच्या स्टुडिओंतून इतके लोक कमी झाले की आता हा प्रश्न नेमाने येतो.

चौघांना आज फोन करा. ते अजून बोलू इच्छितात का, हे त्यांनाच ठरवू द्या. नोकरी गेली तरी जुना गोपनीयता करार बहुधा संपत नाही, त्यामुळे व्याख्यान जसंच्या तसं देता येईल असं धरू नका. त्याऐवजी हुनराबद्दल बोलता येतं: लेव्हल कशी आखतो, बग कसा शोधतो. कंपनी भरणार होती तो प्रवासखर्च आता तुम्ही भरा. त्या स्टुडिओतल्या सर्वांना तिकीट मोफत द्या आणि त्यासाठी पुरावा मागू नका. ओळखपत्रावर कंपनीचं नाव छापलं असेल तर ते काढून टाका, सर्वांच्याच ओळखपत्रावरून, म्हणजे कोणी वेगळं दिसत नाही. दाराजवळ एक फळा लावा: एका बाजूला "माणूस हवा", दुसऱ्या बाजूला "काम हवं". गोलमेज चर्चेतला एक तास पोर्टफोलिओ पाहण्यासाठी द्या आणि माणसं घेणाऱ्या संघांना त्या टेबलांवर बसायला आधीच सांगून ठेवा.